कागदावर न मावणारं संगीत : कोन्स्तान्सा कापदेव्हिल समजून घेताना

समकालीन पाश्चात्त्य संगीताच्या चित्रफिती हल्ली फोनवर सहज समोर येतात. व्हायोलिनवादक गज हवेतच थांबवतो. गायिका गात नाही, कुजबुजते. पियानोवाला उठतो, पियानोच्या पोटात हात घालतो आणि तारा खरवडतो. मध्येच दिवे जातात आणि अंधारात कुठल्याशा टेपवरून कुणाचा तरी आवाज येतो. आपण विचारतो, हे काय चाललंय? यात गाणं कुठाय?

प्रश्न रास्त आहे. तो विचारणाऱ्याला अडाणी समजायचं कारण नाही. पण त्याचं उत्तर सिद्धान्त सांगत बसण्यापेक्षा एका व्यक्तीच्या कामातून दिलेलं बरं, म्हणून हा लेख कोन्स्तान्सा कापदेव्हिल यांच्याबद्दल. जन्म १९३७, मृत्यू १९९२, कर्मभूमी लिस्बन. पेशाने संगीतरचनाकार आणि शिक्षिका. शिक्षिका म्हणून आपल्या रिवाजाप्रमाणे त्यांना बाई म्हणू. पोर्तुगालच्या बाहेर बाईंचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही, आणि खुद्द पोर्तुगालमध्ये त्यांच्या कित्येक रचना आज जशाच्या तशा उभ्या करणं कठीण झालं आहे. असं का झालं, हे कळलं की वरच्या प्रश्नाचंही बरंचसं उत्तर हाती लागतं.

आधी पाया : रचनाकार नेमकं करतो काय?

आपल्याकडे संगीतकार म्हटलं की चाल बांधणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. चाल पेटीवर सुचते, गायकाला ऐकवली जाते, वाद्यमेळ बहुतेक वेळा संयोजक लावतो. युरोपातल्या अभिजात परंपरेतला रचनाकार ही सगळी कामं एकटा करतो, आणि कागदावर करतो. कुठलं वाद्य, कुठला स्वर, किती वेळ, किती जोरात, हे सगळं लिहून ठेवायचं. या लिखाणाला स्वरलिपी म्हणू. वादकाने रचनाकाराचं तोंडही पाहिलेलं नसलं तरी चालतं. दोनशे वर्षांनी कुणीतरी तो कागद उघडतो आणि वाजवतो.

हिंदुस्तानी संगीतात असं होत नाही. भातखंड्यांनी बंदिशी गोळा करून स्वरलिपीत छापल्या, त्या कामाला तोड नाही. पण पुस्तकातली बंदिश वाचून कुणी गवई झालेला नाही. छापील पानावर सांगाडा असतो. कुठल्या स्वरावर रेंगाळायचं, कुठला नुसता दाखवून सोडून द्यायचा, समेवर येताना किती घाई करायची, हे गुरूसमोर बसल्यावरच कळतं. गुरू गेला आणि शिष्य नसला, तर पुस्तकात बंदिश शाबूत असूनही ती गायची कशी हे हरवतं.

एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सोपं आहे. बाईंचं काम युरोपीय पद्धतीने, कागदावर सुरू झालं आणि वर्षागणिक या दुसऱ्या टोकाकडे सरकत गेलं. त्यांच्या कारकिर्दीचं मर्म मला या सरकण्यातच दिसतं.

जन्म बार्सेलोनाचा, मग पोर्तुगीज कशा?

बाई जन्मल्या १६ मार्च १९३७ रोजी, बार्सेलोनात. स्पेनमध्ये तेव्हा यादवी युद्ध चालू होतं. १९३६ साली पेटलेलं ते युद्ध १९३९ मध्ये संपलं आणि फ्रँकोची हुकूमशाही आली. १९५१ साली कुटुंब पोर्तुगालला आलं, तेव्हा बाई चौदा वर्षांच्या होत्या. म्हणजे एका हुकूमशहाच्या देशातून निघून दुसऱ्याच्या देशात आल्या, कारण पोर्तुगालमध्ये सालाझारची राजवट होती.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. त्याच १९५१ मध्ये सालाझार सरकारने राज्यघटना बदलून आपल्या वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच एक तुकडा आहे, असं जगाला सांगता यावं म्हणून केलेली ही कागदी कसरत होती. ती पुढे दहा वर्षं पुरली.

बाईंचं शिक्षण लिस्बनच्या सरकारी संगीतविद्यालयात झालं. १८३५ साली स्थापन झालेली ही संस्था पोर्तुगालमधली मुख्य संगीतशाळा. बाईंनी पुढे शिकवलं, लिहिलं, रंगमंचावर केलं ते सगळं पोर्तुगालमध्ये, पोर्तुगीज वादक आणि पोर्तुगीज विद्यार्थ्यांना सोबत घेऊन. तिथले लोक त्यांना आपली रचनाकार मानतात, आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही. स्पेनमधलं बालपण मात्र पुसलं गेलं नाही. ते पुढे कुठे डोकावलं, ते येईलच.

त्यांना लाभलेल्या दोन गुरूंची नावं महत्त्वाची आहेत. रचनाशास्त्र शिकवलं जॉर्ज क्रोनर द व्हास्कोन्सेलूश यांनी. ते स्वतः पॅरिसला जाऊन शिकलेले, शिस्तीचे, नेटक्या घडणीचे रचनाकार. दुसरे माकारियो सांतियागो काश्तनर. लंडनमध्ये जन्मलेला हा संशोधक लिस्बनला स्थायिक झाला होता, आणि स्पेन-पोर्तुगालमधल्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या वाद्यसंगीताची जुनी हस्तलिखितं शोधून, वाचून, वाजवून दाखवण्यात त्याची हयात गेली. त्याच्याकडे बाई जुनं संगीत वाजवायला शिकल्या आणि पुढे तशा वाद्यवृंदांतून वाजवतही राहिल्या.

अत्याधुनिक म्हणून ओळखली जाणारी बाई चारशे वर्षांपूर्वीचं संगीत वाजवत होती, हे ऐकायला विसंगत वाटतं. प्रत्यक्षात त्यात विसंगती नाही. त्या जुन्या काळातही स्वरलिपी अर्धवटच असे. कुठलं वाद्य घ्यायचं, अलंकार कुठे घालायचे, हे वादकावर सोडलेलं असे. कागद म्हणजे पूर्ण संगीत नव्हे, ही गोष्ट बाईंना आधुनिकांच्या आधी त्या जुन्या हस्तलिखितांनी शिकवली असणार, असा माझा कयास आहे.

एका नावाचे स्वर, एका अंतराची रूपं

१९६२ मध्ये संगीतविद्यालयाचं रचनेचं बक्षीस बाईंना मिळालं. रचना ऑर्गनसाठी होती : ‘स्ट्राविन्स्कीच्या नावावरची रूपं’. रशियात जन्मलेले रचनाकार इगोर स्ट्राविन्स्की त्याच वर्षी ऐंशीचे झाले होते.

नावावर संगीत कसं करतात? युरोपात स्वरांना ए, बी, सी अशी अक्षरांची नावं असतात. बाख या आडनावाची चारही अक्षरं जर्मन पद्धतीत स्वरांची नावं आहेत. म्हणून त्या नावातून चार स्वरांची एक ओळ तयार होते, आणि खुद्द बाखनेही ती वापरली आहे. स्ट्राविन्स्की या नावात मात्र अशी सगळीच अक्षरं नाहीत. अशा वेळी उरलेल्या अक्षरांचं काय करायचं, याचा नियम रचनाकाराने स्वतः ठरवायचा असतो. एकदा ओळ ठरली की ती उलटी करा, ताणा, आक्रसा, वर-खाली सरकवा. कानाला नाव ऐकू येत नाही, पण सगळी इमारत त्यावर उभी असते. हे विद्यार्थिदशेतलं काम होतं आणि त्यात शिस्त भरपूर होती. ही गोष्ट मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे “हे काहीही चाललंय” असा आक्षेप येणार आहे.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी वाद्यवृंदासाठी एक रचना केली : ‘एका स्वरांतराची दिफेरेन्सास’. स्वरांतर म्हणजे दोन स्वरांमधलं अंतर; सा ते प, सा ते ग, वगैरे. आणि दिफेरेन्सास हे स्पेन-पोर्तुगालमधल्या एका जुन्या प्रकाराचं नाव. सोळाव्या शतकात तिथले वादक एखादी सगळ्यांना ठाऊक असलेली धून घेऊन तिची एकामागून एक वेगवेगळी रूपं वाजवत, त्याला हे म्हणत. काश्तनर ज्याच्यावर आयुष्यभर संशोधन करत होते, तोच हा मुलूख. बाईंनी जुना साचा घेतला, आणि त्यात धून न घालता फक्त दोन स्वरांमधलं अंतर घातलं. आपल्याकडचा श्रोता यावर फार दचकणार नाही. एका स्वरसंगतीभोवती अर्धा तास फिरणारे गवई आपण ऐकलेले आहेत.

संगीत अधिक रंगभूमी, पण आपलं संगीत नाटक नव्हे

बाईंचं नाव ज्यासाठी घेतलं जातं, तो प्रकार म्हणजे विसाव्या शतकातली संगीत-रंगभूमी. संगीत आणि नाटक एकत्र म्हटल्यावर मराठी माणसाला किर्लोस्कर, देवल आणि बालगंधर्व आठवणार. ते चित्र क्षणभर बाजूला ठेवावं लागेल. १८८० च्या ‘शाकुंतल’पासून आपल्या संगीत नाटकात एक कथा आहे, पात्रं आहेत, आणि भावना दाटून आली की पद येतं. ते पद नाटकातून उचलून मैफलीत गाता येतं, गायलं गेलंही. पदाचं आयुष्य नाटकापेक्षा मोठं झालं.

इथे उचलून नेण्याजोगं पद नसतं. बहुतेकदा कथाही नसते. इथली कल्पना अशी : आवाज कुणाच्या तरी शरीरातून, कुठल्या तरी हालचालीतून निघतो, मग ती हालचालसुद्धा संगीताचा भाग का नसावी? आपण मैफलीत गवयाचा हवेत फिरणारा हात पाहतोच की, त्याने तबलजीकडे टाकलेली नजरही पाहतो. ध्वनिमुद्रणाचा शोध लागण्यापूर्वी जगातलं जवळजवळ सगळं संगीत पाहतच ऐकलं जात होतं. काही रचनाकारांनी ठरवलं, की हा दिसणारा भागही आपण रचायचा.

याचं सगळ्यात सोपं उदाहरण बाईंचं नाही, जर्मनीत स्थायिक झालेल्या अर्जेंटिनियन मॉरिसिओ कागेल यांचं आहे. त्यांच्या १९६४ च्या ‘मॅच’ या रचनेत दोन चेलोवादक रंगमंचाच्या दोन टोकांना बसतात आणि मध्ये तालवाद्यवादक पंच म्हणून उभा राहतो. सामना स्वरांचा आहे, तरी बघणाऱ्याला हार-जीत, रडीचा डाव, पंचाची मध्यस्थी सगळं कळतं. नुसतं ध्वनिमुद्रण ऐकलंत तर अर्धी गंमत गेली.

पोर्तुगालमध्ये या वाटेवर पहिल्यांदा चाललेल्या मोजक्या लोकांत बाई होत्या, आणि सगळ्यांत चिकाटीने त्याच चालल्या. १९८५ मध्ये त्यांनी ‘कोलेकव्हीव्हा’ नावाचा गट काढला. त्यात पियानोवादक ओल्गा प्रात्स होत्या, डबल बास वाजवणारे आलेहांद्रो एर्लिक-ओलिव्हा होते, गायक लुईश मादुरेरा, नर्तक जुआंव नातिव्हिदाद, अभिनेते मानुएल सिंत्रा होते. बाईंचे विद्यार्थी आंतोनियु द सोउझा दियश हेही होते. ही यादी पुन्हा वाचा. वादक, गायक, नर्तक, नट. बाईंच्या कामात वादकाला बोलावं लागे, नटाला ताल सांभाळावा लागे, आणि आपापल्या कलेचा आडोसा कुणालाच घेता येत नसे.

त्याच वर्षीची ‘डोन्ट, हुआन’ ही रचना. बायका फसवत फिरणाऱ्या डॉन हुआनची दंतकथा स्पेनमधली. मोत्सार्टने तिच्यावर १७८७ मध्ये ऑपेरा केला होता. बाईंनी शीर्षकातच त्याला ‘नको रे’ म्हटलं आहे. विनोद हा त्यांच्या स्वभावाचा भाग होता, तो विसरू नये. या प्रकारच्या संगीताबद्दल लिहिणारे बहुतेक जण उगाच चेहरा गंभीर करून लिहितात.

आणि १९८७ ची ‘फे... दे... री... को...’. फेदेरिको म्हणजे कवी फेदेरिको गार्सिया लोर्का. यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच, ऑगस्ट १९३६ मध्ये, फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी ग्रानादाजवळ त्यांना गोळ्या घातल्या. त्यानंतर सात महिन्यांनी, त्याच युद्धात, बाईंचा जन्म. शीर्षकात नावाचे तुकडे करून मध्ये टिंबं टाकली आहेत. अंतर ठेवून, कुणाला हाक मारल्यासारखं ते वाचलं जातं. १९६२ मध्ये त्यांनी एका नावाचे स्वर केले होते, आता पंचवीस वर्षांनी एका नावाच्या हाका केल्या. पहिल्या रचनेत नाव ऐकू येत नव्हतं. दुसऱ्यात तेच ऐकवायचं आहे.

मृतांसाठीचे शब्द

१९७०च्या दशकाच्या अखेरीपासून बाई पुन्हापुन्हा कॅथलिक मृत्युविधीतल्या आणि दुःखाच्या प्रार्थनांकडे वळलेल्या दिसतात. ‘लिबेरा मे’, ‘मीझ-आं-रेक्विएम’, मग ‘स्ताबात मातेर’साठीची रेखाटनं. ही नावं गोव्यातल्या जुन्या पिढीतल्या ख्रिस्ती वाचकांना परकी वाटणार नाहीत. १९६०च्या दशकात व्हॅटिकनने स्थानिक भाषांना मोकळीक देईपर्यंत गोव्याच्या चर्चमध्येही हेच लॅटिन शब्द म्हटले जात. मृतदेहासमोर म्हटली जाणारी ‘मला सोडव’ ही प्रार्थना म्हणजे लिबेरा मे. रेक्विएम म्हणजे मृतांसाठीची प्रार्थनासभा. क्रुसाखाली उभ्या असलेल्या आईचं वर्णन ते स्ताबात मातेर. लिस्बनचा आणि गोव्याचा हा धागा राजकारणापेक्षा जास्त काळ टिकला.

बाईंनी या शब्दांचं केलं काय? ‘लिबेरा मे’मध्ये गायकवृंद आहे, तालवाद्यं आहेत, टेप आहे, आणि प्रकाशयोजना आहे. ती सजावट म्हणून नाही, रचनेचा एक घटक म्हणून. कधी उजेड, कधी अंधार, हे कधी सूर आणि कधी शांतता याच्याइतकंच ठरवलेलं. प्रार्थना म्हणणारा समूह जितका ऐकायचा तितकाच पाहायचा. चर्चमधला विधी तसाच असतो नाही तरी. घंटा, मेणबत्त्या, उठणं-बसणं, धूप. विधी ही सगळ्यात जुनी संगीत-रंगभूमी आहे, आणि बाईंच्या रचना मला सर्वांत सहज कळल्या त्या ह्या बाजूने.

आपल्या माणसांसाठीही त्यांनी अशी स्मरणं केली. डबल बाससाठीची ‘एका अनुपस्थितीसाठी आमेन’ १९८६ ची. पोर्तुगीज रचनाकार जॉली ब्रागा सांतुश १९८८ मध्ये गेले, त्यांच्या स्मरणार्थ १९८९ मध्ये एक रचना झाली, तिचं शीर्षक इटालियन आहे. दूरवरून समुद्र आरसा होतो, असा त्याचा अर्थ.

“असं तर कुणीही करेल!”

हा आक्षेप नेहमीचा आहे, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. १९६० ते १९८० च्या दरम्यान युरोपात या नावाखाली बरंच पोकळ काम झालं. पियानोवर दगड ठेवला, अर्धा तास कुणी काही बोललं नाही, आणि त्याला क्रांती म्हटलं गेलं. ते सगळं जपायलाच हवं असं मला वाटत नाही.

फरक ओळखायचा कशावरून? माझ्या मते वेळेवरून. रंगमंचावरची शांतता किती लांब ठेवायची, हे ठरवायला कान लागतो. दोन सेकंद कमी पडली तर ती चूक वाटते, चार जास्त झाली तर लोक खोकायला लागतात. बाईंच्या मागे ऑर्गनची कडक शिस्त होती, सोळाव्या शतकातल्या रूपांचा अभ्यास होता, आणि इतरांच्या रचना वाजवण्याचा अनुभव होता. पोर्तुगालमधला समकालीन संगीताचा महत्त्वाचा गट, लिस्बन समकालीन संगीत गट, १९७० मध्ये जॉर्ज पेशिन्यु यांच्या पुढाकाराने उभा राहिला. त्या गटाच्या कामातही बाई होत्या. नियम मोडणाऱ्याला नियम येत होते, एवढं तरी इथे निश्चित.

दुसरा उपआक्षेप : मग साधं गाणं का नाही केलं? केलं की. नाटकांसाठी, नृत्यासाठी, चित्रपटासाठी त्यांनी संगीत दिलं, आणि तिथे प्रसंगाला काय हवं ते दिलं.

पण या असल्या कामाला पैसा कोण देतं?

तिकीटविक्रीवर हे चालत नाही. पोर्तुगालमध्ये याचं उत्तर एका नावात मिळतं : गुलबेंकियन. कालुस्त गुलबेंकियन हे आर्मेनियन वंशाचे तेलव्यावसायिक. इराकच्या तेल कंपनीत पाच टक्के वाटा असल्याने लोक त्यांना ‘मिस्टर फाइव्ह पर्सेंट’ म्हणत. युद्धकाळात ते लिस्बनला आले आणि १९५५ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या संपत्तीतून १९५६ मध्ये जी संस्था झाली, तिने पोर्तुगालला वाद्यवृंद दिला, गायकवृंद दिला, नृत्यपथक दिलं, आणि १९७७ पासून दरवर्षी समकालीन संगीताचा महोत्सव भरवला. सरकार जे करत नव्हतं ते एका गेलेल्या माणसाच्या तेलाच्या पैशाने झालं.

सरकार काय करत होतं, तेही पाहू. रचनाकार फेर्नांदु लोपेश-ग्रासा यांनी १९३१ मध्ये लिस्बनच्या संगीतविद्यालयातल्या अध्यापकपदाची स्पर्धा जिंकली होती. राजकीय मतांमुळे त्यांना अटक झाली आणि ते पद कधीच मिळालं नाही. कुणी शिकवायचं, हे पोलीस ठरवत होते. ही व्यवस्था २५ एप्रिल १९७४ ला सैनिकांच्या उठावाने संपली. उठाव सुरू करायचा इशारा म्हणून रेडिओवर ठरलेली गाणी वाजवण्यात आली होती, ही त्या देशाची खास गोष्ट. सेन्सॉरशिप गेली, संगीतशिक्षणाची फेरमांडणी झाली, आणि ऐंशीच्या दशकात नाटक-नृत्य-संगीत यांच्या सीमेवरच्या प्रयोगांना जागा मिळाली. बाईंचं सर्वात मोकळं काम याच काळातलं आहे. हा योगायोग नसावा.

शिकवणं आणि रचणं

बाईंनी तीन प्रकारच्या ठिकाणी शिकवलं. सांता सेसिलिया अकादमी ही नेहमीच्या शालेय विषयांबरोबर संगीत शिकवणारी लिस्बनमधली शाळा. दुसरं संगीतविद्यालय, आणि त्याच्या उच्चशिक्षणाच्या भागातून १९८३ मध्ये वेगळी झालेली संगीत महाविद्यालयाची संस्था. तिसरं लिस्बनचं नवं विद्यापीठ, म्हणजे युनिव्हर्सिदाद नोव्हा, जिथे संगीतशास्त्राचा विभाग नव्यानेच निघाला होता. शाळकरी मुलं, होऊ घातलेले रचनाकार, होऊ घातलेले संशोधक, तिन्ही त्यांच्या वर्गात बसले.

सर्जियु आझेव्हेदु आणि वर उल्लेखलेले सोउझा दियश हे त्यांच्याकडे शिकलेले रचनाकार. दोघांचं संगीत बाईंसारखं नाही आणि एकमेकांसारखंही नाही. आझेव्हेदु वाद्यवृंदासाठी लिहिणारे, सोउझा दियश इलेक्ट्रॉनिक माध्यमाकडे वळलेले. शिक्षिकेबद्दल यातून बरंच कळतं. आणि सोउझा दियश वर्गातले विद्यार्थी होते तसेच कोलेकव्हीव्हातले सहकारीही. वर्ग कुठे संपला आणि तालीम कुठे सुरू झाली, हे सांगणं अशा वेळी अवघड जातं.

बाई गेल्यावर उरलं काय?

४ फेब्रुवारी १९९२ रोजी, लिस्बनजवळच्या काशियश इथे बाई वारल्या. वय चौपन्न. मरणोत्तर सरकारी सन्मानही मिळाला. आणि मग ती अडचण उभी राहिली, जिच्यासाठी सुरुवातीला बंदिशीचं उदाहरण दिलं.

कागदावरच्या रचना सुखरूप होत्या. संगीत-रंगभूमीच्या रचनांचं मात्र काय होतं? काही पानांवर स्वर, काही पानांवर नुसत्या सूचना, हालचालींच्या खुणा, संहितेचे टिपण काढलेले कागद, प्रकाशाच्या नोंदी, आणि टेपची रिळं. यातला काही भाग एकाकडे, काही दुसऱ्याकडे. आणि पुष्कळसा कुठेच नाही, कारण बाई तालमीला समोर होत्या, तोंडी सांगत होत्या, सांगितलेलं लोकांच्या अंगात मुरत होतं; लिहायची गरज कुणाला वाटली नाही.

टेपची गोष्ट वेगळीच. चुंबकीय टेप म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय भुकटीचा थर, आणि तो थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ. काही टेपांमध्ये हा पदार्थ वर्षानुवर्षं दमट हवा शोषून घेतो, चिघळतो, आणि रीळ लावलं की थर यंत्रालाच चिकटून सुटून येतो. वाजवणं म्हणजेच नष्ट करणं, अशी पाळी येते. ती यंत्रंही आता दुर्मीळ. वेळेत संगणकावर उतरवून घेतलं तरी प्रश्न उरतोच : हा आवाज प्रयोगात नेमका कुठे सुरू करायचा? गायिकेच्या शेवटच्या शब्दावर, की नर्तक वळल्यावर?

म्हणून युनिव्हर्सिदाद नोव्हातल्या संशोधकांनी जे केलं, ते निव्वळ जुनी रिळं साफ करण्याचं काम नव्हतं. त्यांनी कागद आणि टेप गोळा केले, आणि जे लोक बाईंबरोबर रंगमंचावर उभे होते त्यांना जाऊन विचारलं. वाळत चाललेल्या घराण्याच्या शेवटच्या गवयाकडे रेकॉर्डर घेऊन जाणारे लोक आपल्याकडेही झाले आहेत. हे तेच काम.

“मग आज केलेला प्रयोग बाईंचा म्हणायचा का?”

याला सर्वमान्य उत्तर नाही. एक बाजू म्हणते, मूळ माणसांशिवाय केलेला प्रयोग म्हणजे नक्कल; ते काम त्या काळाचं होतं, त्याच्या नोंदी जपा आणि थांबा. दुसरी बाजू म्हणते, नव्या माणसांनी नव्याने उभं केलं नाही तर ते मेलंच. माझा कल दुसरीकडे आहे. काश्तनरकडे शिकलेल्या बाईंनी स्वतः चारशे वर्षं जुनी, अर्धवट लिहिलेली पानं हातात घेऊन, रिकाम्या जागा स्वतःच्या समजुतीने भरूनच वाजवली होती. त्यांच्या पानांना दुसरा न्याय का लावायचा?

त्या स्त्री होत्या म्हणून विसरल्या गेल्या का?

काही अंशी असेल, पण एवढंच कारण मला पुरेसं वाटत नाही. त्या काळात पोर्तुगालमध्ये स्त्रिया रचनाकार होत्या आणि काम करत होत्या. हार्पवादक क्लोतील्द रोझा चाळिशी उलटल्यावर रचनेकडे वळल्या. मारिया द लुर्दिश मार्तिंश यांनी लहान मुलांना तालवाद्यांतून संगीत शिकवण्याची ऑर्फ पद्धत पोर्तुगालमध्ये रुजवली. दोघींचीही नावं देशाबाहेर फारशी पोचली नाहीत. पण पुरुषांपैकी पेशिन्यु तरी किती मराठी वाचकांना ठाऊक आहेत? पोर्तुगाल हा युरोपच्या कडेला असलेला छोटा देश, त्यातलं समकालीन संगीत हा छोटा कोपरा. बाईंच्या बाबतीत त्यात माध्यमाची भर पडली. स्वरलिपी टपालाने परदेशी पाठवता येते. कोलेकव्हीव्हातली माणसं पाठवता येत नव्हती.

कुणाला ऐकून-पाहून सुरुवात करायची असेल, तर माझा सल्ला आधी कागेलच्या ‘मॅच’ची चित्रफीत पाहण्याचा आहे. तिच्यात हसता येतं आणि प्रकार कळतो. मग बाईंची ‘लिबेरा मे’, शक्यतो चित्रासह, आणि फक्त ध्वनिमुद्रण मिळालं तर खोलीतला दिवा घालवून. ‘डोन्ट, हुआन’ नंतर. ऑर्गनची रचना सर्वात शेवटी ऐका, कारण तिच्यात काय कमी आहे ते तेव्हाच जाणवेल.